रोजची एक चूक

तिने जुन्या बनियनचा तुकडा तिसऱ्या दोराभोवती गुंडाळला, मूठ सैल ठेवली आणि मान हलवली. मेकॅनिकने मोटरचं चाक हाताने फिरवायला घेतलं. गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीचा पत्रा दुपारच्या उन्हाने तापला होता आणि ग्रीसचा वास नाकातून थेट घशात उतरत होता. बोटाएवढा जाड पोलादी दोर तिच्या मुठीतून सावकाश सरकू लागला.

कापड अडकलं.

"एक," ती म्हणाली.

दोरातली एखादी बारीक तार तुटली की तिचं टोक काट्यासारखं वर येतं आणि कापडाला धरतं. डोळ्यांना दिसत नाही ते चिंधीला बरोबर कळतं. तिने खिशातून खडू काढला आणि त्या जागेभोवती वर्तुळ केलं. एक तर ग्रीसवर खडू नीट उमटत नाही, त्यात तिची वर्तुळं जन्मात कधी गोल आली नव्हती. बटाट्यासारखी यायची. मेकॅनिकने पुन्हा चाक फिरवलं. दोन. तीन. चार आणि पाच जवळजवळ. अकरानंतर मात्र दोर बराच वेळ गुळगुळीत सरकत राहिला, आणि का कोण जाणे, तिला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायला लागलं. मग दोन पेडांच्या खाचेत कापड किंचित, अगदी किंचित रेंगाळलं.

"बारा."

"ते ग्रीस असेल, मॅडम. वाळलेलं," मेकॅनिक म्हणाला.

तिने त्या जागेवरून नख फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"बारा."

"तुम्ही म्हणता तर बारा," म्हणत त्याने हात पुसायला घेतले. लिफ्टमध्ये वीस वर्षं काढलेला माणूस, पण तिच्यासमोर कोणी फार वेळ वाद घालत नसे.

अकरा असत्या तर पंधरा दिवसांची मुदत देऊन लिफ्ट चालू ठेवता आली असती. बारा झाल्या की जागच्या जागी बंद करायची आणि दोर बदलेपर्यंत कुलूप घालायचं. नियम असा काटेकोर होता आणि तिला तो तसाच आवडायचा. लिफ्ट तपासनीस म्हणून एकोणीस वर्षं झाली होती. ऑफिसात तिला मागून 'भिंग' म्हणत. ते तिला ठाऊक होतं आणि त्याचं तिला मनातून थोडं कौतुकही होतं.

इमारतीचे सेक्रेटरी दारातच घाम पुसत उभे होते. खोलीत शिरायची त्यांना भीती वाटत होती आणि तिथून हलायचंही नव्हतं.

"मॅडम, एक विनंती आहे. पाचव्या मजल्यावर एक आजी आहेत. खुब्याचं ऑपरेशन झालंय. तीन महिने घराबाहेर पाऊल नाही. उद्या सकाळी पहिल्यांदा खाली न्यायचंय त्यांना, डॉक्टरांनीच सांगितलंय. आठ दिवसांपासून बाईंच्या तोंडी दुसरा विषय नाही. तुम्ही परवापासून बंद करा ना."

"दोराला परवा कळतो का?"

तिने पिशवीतून बंदची नोटीस काढली. नोटिशीवर वरच्या मजल्यावरच्या एका रहिवाशाची सही लागायची, म्हणजे नंतर कोणी 'आम्हाला सांगितलंच नाही' म्हणू शकत नसे.

"त्या आजींचीच घेते," ती म्हणाली. "निदान तोंडावर तरी सांगितलेलं बरं."

गच्चीवरून खाली उतरताना फोन वाजला. ऑफिसातल्या नव्या मुलीचा मेसेज होता. ही मुलगी आठ महिन्यांपूर्वी लागली होती, पण अजून सगळे तिला 'नवी'च म्हणत. हुशार होती, डबा खिडकीकडे तोंड करून एकटीच खायची, आणि कोणी हाक मारली तर आधी दचकायची. ती आपल्यासारखीच आहे हे भिंगबाईंनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तेव्हापासून दर सोमवारी ती एका अहवालात मुद्दाम एक चूक करून तो नवीच्या टेबलावर ठेवायची. 'चूक असतेच,' तिने नवीला सांगितलं होतं. 'ती कोणीतरी आपल्यासाठी ठेवलेली असते. आपण फक्त शोधायची.'

'सापडली मॅडम. पान तीन, वजनाचा आकडा,' नवीने लिहिलं होतं.

'शाबास,' तिने उभ्या उभ्याच उत्तर पाठवलं आणि पाचव्या मजल्यावरची बेल दाबली.

दार सुनेने उघडलं. पिठाचे हात वर धरून तिने काय काम आहे ते ऐकलं आणि तिचा चेहरा पडला. "आईंना तुम्हीच सांगा बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "मला नाही धीर व्हायचा. उद्यासाठी बूटसुद्धा काढून ठेवलेत त्यांनी."

खिडकीजवळच्या उंच खुर्चीत एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. समोर वॉकर, मांडीवर जुनं वर्तमानपत्र, हातात पेन्सिल. खुर्चीच्या पायाशी खरोखरच बुटांचा एक जोड होता, त्यात मोजेही खोचून ठेवलेले. बाई वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला वर्तुळं काढत होत्या. मनगट टेकवायचं, श्वास धरायचा, आणि एका झटक्यात पेन्सिल फिरवून जिथून निघाली तिथेच आणून सोडायची. एकाखाली एक आठ वर्तुळं होती. कंपासने काढली असती तर यापेक्षा गोल आली नसती.

तिच्या हातातली नोटीस हातातच राहिली.

असं वर्तुळ काढणारा हात तिने आयुष्यात एकच पाहिला होता. तेव्हा ती दहा वर्षांची होती. वडिलांची नोकरी बदलीची, त्यामुळे चार वर्षांतली चौथी शाळा. वर्ष अर्धं सरल्यावर आलेल्या मुलीसाठी कोण जागा धरून ठेवतं? तिला शेवटच्या बाकावर बसवलं गेलं होतं. गणितं तिची सगळ्यांच्या आधी सुटायची आणि उरलेल्या वेळात ती खिडकीचे गज मोजायची, छतावरचे डाग मोजायची, पुढच्या मुलीच्या वेणीचे पेड मोजायची. महिनाभरात वर्गातलं मोजण्यासारखं सगळं संपलं. त्याच सुमाराला गणिताचे सर शाळा सोडून गेले आणि या बाई आल्या.

पहिल्याच तासाला बाईंनी अपूर्णांकांची बेरीज फळ्यावर मांडली आणि वरचे आकडे वरच्यांत, खालचे खालच्यांत मिळवून मोकळ्या झाल्या. शेवटच्या बाकावरची मुलगी न राहवून उभी राहिली. "बाई, असं नाही करत." बाई खडू हातात धरून फळ्याकडे बघत राहिल्या. मग वळल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला होता. "सापडली! कोणी पकडतंय का तेच बघत होते मी. आता रोज एक चूक मुद्दाम करणार. शोधायची, आणि सापडली की इथे येऊन तिच्याभोवती वर्तुळ करायचं."

त्या दिवसापासून शाळा तिची झाली. रोज सकाळी ती धावत यायची. रोज एक चूक असायची आणि रोज ती तिलाच सापडायची. मग पुढच्या बाकावरच्या मुली वळून विचारायला लागल्या, "आज कुठे असेल गं?" तिला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी काहीतरी विचारत होतं. बाई मुद्दाम चुकतात याबद्दल तिला कधी शंका आली नाही. इतकं गोल वर्तुळ काढणारा हात आपणहून चुकेलच कसा, असं तिचं साधं गणित होतं. बाई हे सगळं आपल्यासाठी करतात, फक्त आपल्यासाठी, हेही तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. जूनमध्ये वडिलांची पुन्हा बदली झाली. बाईंचा निरोपही घेता आला नाही.

"काय पाहिजे?" म्हाताऱ्या बाईंनी विचारलं.

"बाई," ती म्हणाली. "मी तुमच्या वर्गात होते. पाचवीत. शेवटच्या बाकावर."

"शेवटच्या बाकावर पुष्कळ जणी बसल्या, बाळ. कुठलं साल?"

"रोज एक चूक," ती म्हणाली.

बाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. त्यांनी चष्मा वर सरकवला, तिच्याकडे नीट पाहिलं, आणि हसायला सुरुवात केली. हसता हसता खोकला आला. सून आतून पाणी घेऊन आली, ते पाणी हातात धरून पुन्हा हसल्या.

"ती तू होय! अगं, तू माझ्या नाकी नऊ आणले होतेस! कर्दनकाळ होतीस माझी. अगं ऐकलंस का," त्या सुनेला म्हणाल्या, "ही ती. मी सांगते ना, ती."

सून तिच्याकडे कुतूहलाने बघू लागली. म्हणजे या घरात तिची गोष्ट सांगितली जात होती. पण भलतीच कुठलीतरी.

"मी कर्दनकाळ?" तिने विचारलं.

"मग काय! बस, बस ना. अगं, मी चित्रकलेची बाई. सर मध्येच सोडून गेले, आणि मोठ्या बाई म्हणाल्या, पाचवीचंच तर गणित आहे, तुम्ही वर्तुळं छान काढता, त्यात आकडे लिहायचे. नाही म्हणाले असते तर चित्रकलेचे तासही गेले असते. मला सातच्या पाढ्यापुढे काही येत नव्हतं. घरून गणितं करून न्यायचे, यांच्याकडून तपासून घ्यायचे, पाठ करायचे. आणि फळ्यापुढे उभं राहिलं की सगळं पुसून जायचं."

"पण तुम्ही मुद्दाम..."

"कसलं मुद्दाम! पहिल्या दिवशी तू उभी राहिलीस ना, माझ्या तोंडचं पाणी पळालं. चाळीस पोरी बघतायत. म्हणायला हवं होतं, 'बाळ, मला येत नाही.' तेवढं काही तोंडातून निघेना. मग निघालं ते भलतंच. आणि एकदा म्हटल्यावर रोज निभवायला नको? बहुतेक दिवशी प्रश्न नसायचा, चूक आपली व्हायचीच. मी करायला जायचे एक, तू दुसरीच शोधून काढायचीस. मी म्हणायचे, शाबास!"

बाई पुन्हा हसल्या. सूनही हसली. तिलाही हसायला हवं होतं. तिने तोंड तसं केलंही, पण पुढे काय करायचं ते तिला कळेना. हातातल्या नोटिशीची घडी घातली, उलगडली, परत घातली. बाईंचं हसणं तिला आवडत होतं. त्याच वेळी आपल्याला कोणीतरी फसवलंय असंही वाटत होतं, आणि फसवलं कोणी म्हणावं तर नाव घ्यायला कोणी सापडत नव्हतं. समोरची बाई तर तीच होती. गोरटेली, डाव्या कानाची पाळी फाटलेली, तीच.

एवढी वर्षं ती या एका गोष्टीवर उभी होती. कुठलीही इमारत, कुठलंही यंत्र, कुठलाही माणूस समोर आला की ती आधी मनात विचारायची, चूक कुठे ठेवलीय? यंत्रांच्या बाबतीत याचा उपयोग झाला. लग्नासाठी बघितलेल्या तीन मुलांत तिला एकेक चूक सापडली, तिसऱ्यात तर दोन. मैत्रिणींत सापडल्या. बहिणीच्या नव्या घरात पाय ठेवल्या ठेवल्या जिन्याची एक पायरी अर्धा इंच कमी आहे हे तिने सांगितलं, आणि त्यानंतर बहिणीने बोलावणं हळूहळू कमी केलं. याचं तिला वाईट वाटायचं. नाही असं नाही, फार वाटायचं. पण आपल्याला हे एका मोठ्या बाईंनी शिकवलंय, निवडून शिकवलंय, या विचाराने ती सगळं निभावून न्यायची.

आणि एक गोष्ट होती, जी तिने कोणालाच सांगितली नव्हती.

"बाई, एक दिवस मी खोटं वर्तुळ केलं होतं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"त्या दिवशी फळ्यावर चूक सापडेचना. अठ्ठेचाळीस गुणिले छत्तीस. पुन्हा पुन्हा केलं, उत्तर तेच. सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, तुम्ही चूक ठेवलीय आणि मलाच दिसत नाही. मग मी उठून सतराशे अठ्ठावीसमधल्या सातला वर्तुळ केलं आणि सहा लिहिला. तुम्ही शाबास म्हणालात. सगळ्या वर्गाने वहीत सोळाशे अठ्ठावीस उतरवून घेतलं. मी घरी जाऊन रडले."

बाईंचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी मांडीवरचा पेपर सारखा केला.

"थांब हं," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्या दिवशी माझं बरोबर होतं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं, बाई. फळाभर एकही चूक नव्हती."

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या चेहऱ्यावर आधी काही दिसेना, मग गाल हळूहळू लाल झाले.

"आणि मला कोणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "तेवढ्या महिन्यांत एक दिवस माझं सगळं बरोबर आलं, आणि मी तुला शाबास म्हटलं. मेले, त्या दिवशीची शाबासकी माझी होती गं!"

सून तोंडाला पदर लावून हसली, पण बाई हसल्या नाहीत. तिला वाटलं आपण माफी मागावी. पण कशाची मागावी ते ठरेना. चूक लपवल्याची की बरोबर असलेलं लपवल्याची?

"शाबास, बाई," शेवटी ती म्हणाली.

"राहू दे आता," बाई म्हणाल्या, पण त्यांना ते आवडल्याचं दिसत होतं. "बरं, हातात काय आहे ते दे. कशाची सही?"

तिने सांगितलं. लिफ्टचा तिसरा दोर, तुटलेल्या तारा, कुलूप, नवा दोर यायला लागणारा महिना. सांगताना तिचं लक्ष बुटांकडे जात होतं. बाईंचंही तिकडेच गेलं.

"खालच्या बाकड्यावर अर्धा तास बसणार होते," बाई म्हणाल्या. "जास्त काही नाही. वरून माणसांची नुसती डोकी दिसतात. चेहरे बघून तीन महिने झाले."

"बारा तारा तुटल्यात, बाई. अकरा असत्या तर..."

"बारा म्हणजे बारा. तुझ्यापुढे मी काय बोलणार?" त्यांनी पेन मागून घेतलं आणि पेपरच्या आधाराने सही केली. अक्षर थरथरलं नव्हतं. "तू म्हणतेस तर बाराच असणार. तू कधी चुकली नाहीस." कागद परत देताना त्या किंचित थांबल्या. "तो एक दिवस सोडून."

त्यांनी हे टोचून म्हटलं नव्हतं. अगदी सहज म्हटलं होतं, माणूस हवापाण्याबद्दल बोलतो तसं. ती उठली, वाकून नमस्कार करायचं तिच्या मनात होतं तेही विसरली, आणि दाराबाहेर आली.

गच्चीकडे परत चढताना जिन्याच्या मध्यावर ती थांबली. कठड्याला हात लावला. तो दिवस तिला आता फळ्यासकट दिसत होता, आणि त्यातलं एक काहीतरी फार ओळखीचं वाटत होतं. चूक सापडत नाही. सगळे बघतायत. कुठेतरी असलीच पाहिजे. आणि मग हात आपोआप उचलला जातो. मघाशी अकरानंतर दोर गुळगुळीत सरकत होता तेव्हा तिला नेमकं तसंच झालं होतं. मग कापड रेंगाळलं होतं. की तिने मूठ आवळली होती?

वर लिफ्टच्या खोलीत मेकॅनिक 'लिफ्ट बंद'च्या लाल स्टिकरची पाठ सोलत बसला होता.

"ते राहू दे," ती म्हणाली. "परत एकदा फिरवा."

त्याने काही न विचारता चाक धरलं. तिने कापड गुंडाळलं, मूठ सैल ठेवली. अकरा झाल्या. खाच आली आणि निघून गेली, कापडाला काही कळलं नाही.

"परत."

या वेळी खाचेत कापड नक्की अडकलं. धागा ओढला गेला.

"परत."

अकरा. ती चष्मा काढून जवळून बघायला गेली, टॉर्च तिरपा धरला, नख लावलं. खाचेत काळं काहीतरी होतं. तार म्हटलं तर तार, ग्रीस म्हटलं तर ग्रीस. नख लावलं की हलायचं आणि टॉर्चचा उजेड पडला की चमकायचं. खरवडून बघावं तर खाचेतली धड तारही उचकटायची. तिला एकदम बाईंचे बूट आठवले आणि ते ग्रीस आहे असं वाटलं. मग बाईंचे बूट आठवले म्हणूनच तसं वाटतंय अशी शंका आली आणि ती तार वाटायला लागली.

"तुम्हाला काय वाटतं?" तिने मेकॅनिकला विचारलं.

तो चक्क घाबरला. इतक्या वर्षांत तिने त्याला असं कधी विचारलं नव्हतं. "मी आधी अकराच म्हणत होतो, मॅडम. पण तुम्ही बारा म्हणालात, मग मलाही बाराच दिसायला लागल्या. आता माझं काही धरू नका."

दारात सेक्रेटरी होतेच. त्यांच्या डोळ्यांत आशा उमटली होती, ती तिला बघवेना. घड्याळात चार वाजत आले होते. अहवालात दोनच चौकटी होत्या, सुरक्षित आणि असुरक्षित, आणि त्यातल्या एकीत आजच खूण करायची होती. तिने पेन उघडलं, बंद केलं. मग खोलीच्या कोपऱ्यात जाऊन नवीला फोन लावला.

"मॅडम?" पहिल्या घंटीलाच फोन उचलला गेला.

"ऐक. मी एका दोरातल्या तारा मोजतेय. चार वेळा मोजल्या. आकडा ठरत नाहीये."

पलीकडे नवी हसली. आठ महिन्यांत ती पहिल्यांदा मोकळेपणी हसली असावी.

"कळलं मला, मॅडम. आज दुसरी चूक ना? मुद्दाम विचारताय तुम्ही. तुमचा आकडा ठरत नाही असं कधी होईल का?"

मेकॅनिक बघत होता. सेक्रेटरी बघत होते. तिच्या हातात खडू होता, तो कधी खिशातून काढला ते तिला आठवत नव्हतं. 'शाबास' हा एक शब्द तोंडाशी तयार होता. तो म्हटला की नवी खूश झाली असती, मेकॅनिकने स्टिकर लावला असता, आणि उद्याही सगळे तिला भिंगच म्हणाले असते. तो शब्द किती सोपा आहे हे तिला आत्ता कळत होतं. खाली पाचव्या मजल्यावरच्या बाईंना चाळीस पोरींसमोर तो किती सोपा गेला असेल, हेही कळत होतं.

"नाही गं," ती म्हणाली. "मुद्दाम नाही. मला येत नाहीये."

नवीच्या मागे कोणाचीतरी खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"म्हणजे... मी काय शोधायचं, मॅडम?" नवीच्या आवाजातलं हसू गेलं होतं.

"मला माहीत नाही. तू ये आणि तुझी तू मोज. किती निघतील ते मी सांगणार नाही, कारण मला खरंच माहीत नाही."

"आणि माझं चुकलं तर?"

"तर दोघी बसून बघू."

"येते," नवी म्हणाली. "अर्ध्या तासात पोचते."

तिने फोन खिशात ठेवला. लिफ्टचा मुख्य स्विच तोवर बंदच ठेवायला सांगितला. सेक्रेटरी खाली निघून गेले. पाचव्या मजल्यावर त्यांनी वाजवलेली बेल ऐकू आली.

"आता?" मेकॅनिकने विचारलं.

"फिरवा हळू. पहिल्यापासून."

त्याने चाक धरलं. तिने कापडाची कोरी बाजू वर घेतली. दोर सरकत आला तशी खडूची वर्तुळं एकेक करून समोर येत गेली, ओबडधोबड, बटाट्यासारखी. नवीला ती दिसू नयेत म्हणून ती एकेक पुसत गेली. पुसताना तिने ती मोजली नाहीत.